फोर्तुनाताची बादली

रांगेत प्रत्येकाच्या हातात झाकणाची बादली होती आणि कोणी कोणाच्या बादलीकडे बघत नव्हतं. काल दवाखान्यानं साऱ्या गावाला जंताची गोळी दिली होती. आज जे बाहेर पडलं ते आणून दाखवायचं होतं.

"तू दोन झाकणं लावायची होतीस, एलेउतेरियो," फोर्तुनाता मागे वळून म्हणाली. "तुझ्या घरचं काय सांगावं!"

तिच्या शेजारच्या घरातल्या एलेउतेरियोनं आपल्या बादलीचं झाकण दाबून बसवलं. तो लग्नाच्या मुलीचा बाप होता.

आंदेसच्या त्या डोंगरगावात फोर्तुनाताचा शब्द चालायचा. डुक्कर विकायचं, तर आधी तिच्यापुढे आडवं पाडायचं. ती जबड्यात काठी घालून जीभ बाहेर ओढायची आणि खालून चाचपायची. रोगाचे दाणे हाताला लागले की डुक्कर नापास. मग ते घरीच कापायचं आणि एक तंगडी तिला द्यायची. ती तिला निखाऱ्यावर जेमतेम भाजलेली आवडे. तिची स्वतःची डुकरं कायम कोंडलेली. एलेउतेरियोची मोकाट; तिच्या घरचे सकाळी जिथे आडोशाला बसत, तिथेच ती चरायची आणि दरवर्षी नापास व्हायची.

त्याची इल्दा मात्र गुणाची. लहानपणापासून फोर्तुनाताच्या चुलीपाशी, तिच्या हातचं ताजं चीज खाऊन वाढलेली. फोर्तुनाताच्या विल्बरशी तिचं लग्न ठरलं होतं. मग इल्दाला फेफरं येऊ लागलं.

"डुकरांत दाणे, पोरीला फेफरं. त्या घराचं रक्तच नासकं," असं म्हणून फोर्तुनातानं लग्न मोडलं. तेव्हापासून विल्बर आईशी बोलत नव्हता.

नर्सनं फोर्तुनाताची बादली उघडली. चिमट्यानं एक पांढरी पट्टी उचलली. ती काही संपेना.

"हा जंत दाण्यांच्या मांसातून तुमच्या पोटात आला," नर्स हलक्या आवाजात म्हणाली. "याची अंडी तुमच्या शौचातून पडतात. डुकरानं ती खाल्ली की त्याच्या अंगात दाणे होतात. तुमच्या हाताला लागून कुणाच्या जेवणात गेली, तर तेच दाणे त्याच्या डोक्यात होतात. मग फेफरं येतं."

फोर्तुनाता आपल्या हातांकडे बघत राहिली. एलेउतेरियोनं सगळं ऐकलं होतं. तरीही तो काही बोलला नाही. तेच तिला फार लागलं.

ती तशीच त्याच्या घरी गेली. इल्दा अंगणात बटाटे निवडत होती.

"पोरी, तुझं दुखणं माझ्याच घरातलं निघालं," फोर्तुनाता म्हणाली आणि रडली. "नर्स म्हणते, त्यावर औषध आहे. मी चुकले गं. विल्बर वाट बघतोय. येशील?"

इल्दानं हातातला बटाटा खाली ठेवला.

"येईन की, काकू," ती म्हणाली. "पण स्वयंपाक मी करणार."