साक्षीदार

उत्तराबाईंनी अवयवदानाचा फॉर्म भरला आणि साक्षीदार म्हणून नवऱ्याची सही मागितली. धारवाडात वकिली करणाऱ्या सुधींद्ररावांनी तो वाचलाही नाही. “अर्धवट देह चितेवर ठेवायचा? लोकांना काय सांगू मी?” “सांगा, तिची धाकटी बहीण मूत्रपिंडाची वाट बघत गेली, म्हणून तिनं ठरवलं.” मुलगा फोनवर म्हणाला, “आई, डोळे देऊन टाकलेस आणि पुढच्या जन्मी आंधळी जन्मलीस तर?” “तर तुमच्यासारख्यांच्या नाकावर टिच्चून कुणीतरी मला डोळे देईल,” म्हणत त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्याच बसनं त्या अळणावरला, माहेरी गेल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या अव्वानं, त्यांच्या आईनं, सगळं ऐकून घेतलं. एक लेक गमावलेल्या बाईपुढे आपण दुसरीच्या मरणाचा कागद ठेवला, याची उत्तराबाईंना लाज वाटली. त्या फॉर्म उचलायला गेल्या, तर अव्वानं त्यावर हात ठेवला. “हा देह तुला जावईबापूंनी दिला काय?” “नाही, अव्वा.” “मग त्यांची सही कशाला? नऊ महिने पोटात मी वाढवलाय. पेन आण.” एकेक अक्षर जोडत तिनं आपलं नाव लिहिलं. मग नात्याच्या रकान्यात ‘आई’ लिहिलं आणि ते चांगलं गडद होईपर्यंत पुन्हा पुन्हा गिरवलं.