अमानत नावाचं फोल्डर

चांदणीचं बटण दाबताना महेमूदभाईंचे डोळे अर्धे मिटलेलेच होते.

शहागडची दुपार, त्यात वैशाखातली. हायवेवरच्या ट्रकांची घरघरसुद्धा अंगाईसारखी वाटावी अशी. लग्नपत्रिकांच्या त्या चिमुकल्या दुकानात संगणकातून बाईमाणसाचं गुणगुणणं येत होतं. अख्ख्या बाजाराला ठाऊक, हे भाईंच्या बायकोचं, हसीनाबींचं गाणं. गोधडीला टाके घालता घालता गुणगुणायच्या, ते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आता घरात गाणं म्हणून एवढंच, चार मिनिटांचं.

महेमूदभाई ते रोज दुपारी ऐकायचे आणि ऐकता ऐकता जुन्या पत्रिकांच्या फायली पुसायचे. माउस त्यांना कधी मानवला नाही. लेकीनं, अफ्रीननं, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायला शिकवलं होतं. लग्न असं लिहायचं, त्याला चिकटून चांदणी, म्हणजे ते * चिन्ह, की त्या नावाच्या सगळ्या फायली एकदम साफ.

आज शब्द आणि चांदणीच्या मधे जागा सुटली. एवढीशी जागा! तेवढ्यानं हुकूम सगळ्याच फायलींवर चालून गेला. संगणकानं विचारलंही, सगळं पुसू का? भाईंनी पेंगत पेंगत 'हो' केलं.

गाणं मात्र शेवटपर्यंत वाजलं. पुन्हा लावायला गेले, तर फाइलच नाही.

"या अल्लाह!"

बाकावर डुलक्या घेणारे कडूबा धडपडत उठले. शेजारचे रसवंतीवाले, तीस वर्षांचे दोस्त. "काय झालं भाई?"

"गेलं रे. पोरीनं जपून ठेवलेलं गाणं गेलं माझ्या हातानं."

म्हातारा ढसाढसा रडायला लागला. कडूबांनीच मग जालन्याला अफ्रीनला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. पुढल्या महिन्यात तिचा निकाह, मग ती हैदराबादला जाणार. खरेदीच्या गडबडीत होती.

"अब्बा, रोते कायकू?" मग एकदम आवाज चिरला तिचा. "अम्मी की फाइल?"

पोरगी तशी भित्री. दोन वर्षांमागं सुट्टीत आली, संगणक साफ करून दिला, आणि मग तीन दिवस धड जेवली नाही. दार लावून बसायची. चौथ्या दिवशी बाहेर आली ती घसा बसलेला, डोळे सुजलेले. म्हणते काय, अब्बा, आता काहीच पुसलं जाणार नाही, मी बंदोबस्त केलाय! दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हिचं तोंड कधी पोळलं, ते कुणी विचारलं नाही.

"बटनां को हात नक्को लगाओ," ती सांगत होती. "मेरा हुकूम फेंकता नहीं, बाजू में रखता. अमानत नाम का फोल्डर है, देखो."

ती एकेक अक्षर सांगत गेली, भाई एका बोटानं टाइप करत गेले. पडद्यावर नावांची रांग उतरली. लग्नं, मुंजी, बारशी, आणि सगळ्यांच्या खाली ते गाणं. भाईंनी ते जागेवर आणलं, लावलं. गुणगुणणं पुन्हा दुकानभर पसरलं आणि भाईंचा जीव भांड्यात पडला.

फोनमधून एक हुंदका आला. "रखती मैं, अब्बा," म्हणत अफ्रीननं घाईघाईनं फोन ठेवला.

बराच वेळ दोघं दोस्त नुसते ऐकत बसले. बाहेर ऊन पिवळं होत चाललं होतं.

"वाचल्या बघा वहिनी," कडूबा उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले. "देव पावला."

महेमूदभाईंनी डोळे न उघडताच मान हलवली.

"हसीनाचं गाणं तर दोन वर्षांमागंच पुसल्या गेलं, कडूबा, पोरीच्या हातून. ही अफ्रीन गाऊन राह्यली, आन् तिला वाटतं, बापाला कळलंच न्हाई."