चाळीस सेकंदांचं सिंहासन

संध्याकाळी सव्वासहाला फिल्म सोसायटीत मी वृद्ध कोरियन दिग्दर्शकांना विचारलं, "तुमच्या पहिल्या ऐतिहासिक चित्रपटात सिंहासन चाळीस सेकंद रिकामं दिसतं. सत्तेची नश्वरताच ना?"

त्या चाळीस सेकंदांवर मी दोनशे पानांचं पुस्तक लिहिलंय. आज ते छापखान्यात आहे.

दुभाषी मुलगी हसू दाबत म्हणाली, "सर, ते म्हणतात, जेवणाची सुट्टी झाली. राजा उठून गेला, कॅमेरामन कॅमेरा बंद करायला विसरला. पुढे चित्रपटाची लांबी कमी भरली, म्हणून तो तुकडा ठेवला."

शेजारच्या खुर्चीतले समीक्षक टिपणीस कुजबुजले, "नश्वरता कसली, भूक लिही!"

दिग्दर्शकांनी मात्र 'नश्वरता' शब्दाचा अर्थ पुन्हा विचारला आणि वहीत उतरवून घेतला.

सात वाजता छापखान्यातून फोन आला, "साहेब, मुखपृष्ठावर सिंहासनच ना? मशीन सुरू करू?"

फोन कानाला तसाच धरून मी दुभाषी मुलीला विचारलं, "भुकेला कोरियनमध्ये काय म्हणतात?"