कानावरच्या बिया

अपचन आणि जागरणानं कमलाकांत पार मेटाकुटीला आले होते. ठाकूरद्वारच्या ॲक्युप्रेशरवाल्या देविकाताईंनी त्यांच्या दोन्ही कानांवर बारीक बिया चिकटवल्या आणि बजावलं, "काका, दिवसातून तीन वेळा दाबायच्या. आणि संध्याकाळी एकदाच, हलकं जेवायचं."



घरी बायकोनं, सुनंदाबाईंनी वाढलेला वरणभात ते निमूट जेवले आणि कानावरच्या बिया दाबत बसले. अर्ध्या तासानं स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, चला ना जेवायला. दुपारपासून उपाशी आहात."

मागे एकदा ते "आत्ताच जेवलो की" म्हणाले होते, तेव्हा आपणच वाढलेलं आपल्याला आठवत कसं नाही म्हणून सुनंदाबाई दिवसभर रडत होत्या.


"आलो गं, भूक लागलीच होती," म्हणत कमलाकांत पुन्हा पानावर बसले.