पाळण्याचं साल

मुर्सलीने एकतिसावं, शेवटचं चित्र टेबलावर ठेवलं. काराकोल शहरातल्या त्या लहानशा संग्रहालयात चित्रांची सालं ठरवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि चित्रकार साग्यनने एकाही चित्रावर साल घातलं नव्हतं.

"हे सदतीसचं," साग्यनची मुलगी तुर्सून म्हणाली. तिने साठी ओलांडली होती. "पाळण्यात मी आहे. आई सांगायची, तू चाळीस दिवसांची झालीस तेव्हा काढलं, आणि पुढच्या आठवड्यात सरकारी माणसांनी त्यांना पकडून नेलं."

साग्यन परत आला नव्हता.

"कागद चौतीस साली छापलेल्या बालवाचन पुस्तकाचा वाटतो, एजे," मुर्सली चाचरत म्हणाला. वयाने मोठ्या बायकांना तिथे एजे म्हणत. "पण उरलेला असेल. माझं चुकतही असेल."

"चुकतंयच. वडिलांनी मला पाहिलं होतं, एवढंच माझ्याकडे आहे. ते तुझ्या कागदावरून काढून घेऊ नकोस."

त्याने पेन्सिलीने १९३७ लिहिलं. मग भिंग तिच्याकडे सरकवलं. "पाळण्यापाशी हे काय पडलंय? चिलीम?"

ती हसली. "लग्न केलं असतंस तर विचारलं नसतंस. मूल पाळण्यात बांधलं की त्याला लावतात ती शूची नळी. दुपटी भिजत नाहीत. मी चार पोरांना..."

ती थांबली. भिंग चित्रावरच राहिलं.

"मुलाची आहे," ती म्हणाली. "मुलीची वेगळी असते, लांबट तोंडाची."

मुर्सलीने पेन्सिल खाली ठेवली.

"माझ्या आधी एक भाऊ होता. तो गेला, म्हणून माझं नाव तुर्सून ठेवलं. ही तरी राहू दे म्हणून. चौतीसच्या मार्चमध्ये गेला तो."

"म्हणजे हे मार्चच्या आधीचं."

"आधीचं नाही." तिने चित्रावर बोट ठेवलं. "पट्टे सोडलेत बघ. नळी काढून ठेवलीय. झोपलेल्या पोराची कोणी काढत नाही."

मुर्सलीने रबर घेतलं आणि साल खोडलं.

"आता माझं चित्र शोधून काढ," ती म्हणाली.

"एजे..."

"या गठ्ठ्यातच असेल. तू घाईने बघितलं असशील."

मुर्सलीने गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून उघडला. घोडे. शाळेची पोरं. सफरचंदाचं झाड. पुन्हा घोडे. प्रत्येक कागद तो खिडकीच्या उजेडात धरत होता, आणि खाली ठेवायला जरा जास्तच वेळ लावत होता.