सातच्या वर

टेबलाभोवती तीन कॅमेरे होते, गळपट्ट्यात दोन संवेदक होते आणि टेबलावर हाडांच्या कर्करोगाने पोखरलेली चौदा वर्षांची कुत्री, बुंदी, होती. तिचा चेहरा आणि श्वास पाहून यंत्र वेदनेचा आकडा काढत असे. तो सातच्या वर गेला, तरच कुत्र्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यायची परवानगी मिळे.

तिच्या मालकीणबाई इंदिराताई नेहमीप्रमाणे तिच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या होत्या. आकडा आला चार.

"घ्या, परत नापास!" त्या म्हणाल्या. "अहो डॉक्टर, रात्रभर कण्हते ती. तुमच्या डबड्याला ऐकू येत नाही का?"

तरुण डॉक्टर तांबोळींनी आधीच्या तपासण्यांची चित्रं पडद्यावर लावली. प्रत्येक चित्रात कुत्रीच्या डोक्यावर तोच हात होता.

"काकू, यंत्र चुकत नाहीये," ते हळूच म्हणाले. "तुम्ही हात ठेवलात की तिचं दुखणं खरंच कमी होतं."

"ती घाबरते हो, म्हणून ठेवते." इंदिराताईंचा आवाज चिरकला. "म्हणजे माझ्यामुळेच अडकून पडली का ती?"

"आज बाहेर थांबा. परवानगी आली की लगेच आत बोलावतो. शेवटी तुम्हीच असाल तिच्याजवळ."

त्यांनी हात काढला, तशी बुंदीने मान उचलून त्यांच्याकडे पाहिलं. त्या मागे वळून न पाहता बाहेर गेल्या. दाराआडून केविलवाणं कण्हणं ऐकू येऊ लागलं. त्यांनी कडी घट्ट धरली, पण दार उघडलं नाही.

बाहेरच्या पडद्यावर आकडा पाचवर गेला, मग सहावर. तो थांबला तेव्हा आठ पूर्णांक दोन दशांश होता.