काजाचा टाका

पोरीचं रडणं थांबलं, तशी धुरपदाबाई सुईण घाबरली. सकाळपासून त्या रडण्यानं तिचं डोकं उठलं होतं. आता ती कान देऊन ऐकत बसली, पण पोर कण्हतसुद्धा नव्हती.

"पार्वतम्मा, पाज गं तिला. पान्ह्यानं लुगडं भिजलंय तुझं."

"लिंग बांधल्याबिगर न्हाय."

"मग शेळीच्या दुधात भिजवलेली वात तरी तिच्या तोंडात देऊ दे मला."

"थेंबबी न्हाय, मावशी."

पोर परवा पहाटे जन्मली होती. पार्वतम्माच्या माहेरी लेकरू जन्मलं की त्यांचे गुरू जंगमअय्या यायचे, शिवाचं इवलंसं लिंग कापडात गुंडाळून लेकराच्या गळ्यात बांधायचे, आणि मगच आईनं पदराखाली घ्यायचं. अंगावर लिंग नाही त्याच्या घशाखाली गेलेलं दूधसुद्धा विष, हे तिनं कळायला लागल्यापासून ऐकलं होतं. पण अंबादास शिंप्याशी संसार मांडायचा म्हणून तिनं स्वतःच्या हातानं गळ्यातलं लिंग काढलं, माहेरच्या देवळीत ठेवलं आणि उंबरा ओलांडला. तेव्हा हात कापला नाही बाईचा. कापला तो गेल्या साली. पहिला मुलगा तिनं तसाच पाजला आणि पाचवीलाच तो आकडी येऊन गेला. त्या साली माकणी गावात आकडीनं आणखीही लेकरं गेली होती, लिंग बांधलेलीसुद्धा. पण हे तिला सांगून काय उपयोग? भ्यालेल्या माणसाला दुसऱ्यांची मढी दिसत नाहीत.

अंबादास दिवस उगवायच्या आधीच लिंग आणायला जंगमअय्यांच्या मठाकडं गेला होता. सडकेवर रझाकार होते, म्हणून तेरणेच्या पात्रातून. ऊन कलल्यावर तो परतला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते. हातात दोऱ्याला बांधलेली, पांढऱ्या कापडाची बोटभर पिशवी होती.

"दिलं अय्यांनी," तो म्हणाला. "बांध आन् पाज."

"सुटले बाई," म्हणत धुरपदाबाई शेकाची शेगडी पेटवायला अंगणात गेली.

पार्वतम्मानं पिशवी डोळ्यांना लावली. मग बोटांनी चाचपली. पिशवीच्या तोंडाला काजाचा टाका होता. बारीक, एकसारखा, शेवटाला दुहेरी गाठ. जंगम कुठले काजं करायला बसतात? ते चिंधी फाडतात, गुंडाळतात आणि गाठ मारतात. हा टाका गावातल्या निम्म्या सदऱ्यांवर होता, तिच्या चोळीवरही होता. तिनं पिशवीचं तोंड सैल केलं. आत नदीतला गुळगुळीत दगड.

"अय्या काय म्हणले?" तिनं विचारलं.

"म्हणले, लेकराला उपाशी ठिवू नगा."

शिंप्याचं खोटं 'सणाआधी कपडे देतो' एवढ्यापुरतं असतं. त्यापलीकडं अंबादासला ते कधी जमलं नव्हतं, आणि आज तर त्याला बायकोकडं बघताही येईना.

"टाका तुमचा हाय," ती म्हणाली.

अंबादास तिच्याजवळ येऊन खाली बसला.

"अय्या दाराशीबी आले न्हाईत. आतूनच निरोप दिला. तुला माहेरी माघारी धाडायचं, तू माझं तोंड बघायचं न्हाय, मग तुलाबी बांधतील आन् पोरीलाबी. म्या म्हणलं, घरी इचारून येतो. आन् नदीत येऊन बसलो. इचारायची छाती झाली न्हाय. तू व्हय म्हणली असतीस."

म्हणालीच असती. ते दोघांनाही ठाऊक होतं.

"देवाच्या नावानं खोटं केलंत. भ्या न्हाय वाटलं?"

"वाटलं की. लई वाटलं. शिवताना सुई बोटात घुसत हुती. म्हणलं, देवा, करणारा मी हाय, काय करायचं ते मला कर. ती नुसती पाजणार हाय."

पार्वतम्माला रडू कोसळलं. पहिला मुलगा गेला त्या दिवसापासून या भीतीत ती एकटीच होती. हा माणूस रोज शेजारी निजायचा, पण याला आपल्या देवाचा धाक काय कळणार, असं ती धरून चालली होती. तिनं डोळे पुसले आणि पोर मांडीवर घेतली. ओठ सुकून पांढरे पडले होते. हाताला काही वजनच लागेना.

अंबादासनं पिशवीकडं हात नेला. "दे, टाकून येतो."

"ऱ्हाऊ द्या. बांधा तिच्या गळ्यात."

"अगं, धोंडा हाय त्यो."

"म्हाईत हाय. तुमच्या हातचा हाय ना?"

त्यानं दोरा बांधला. गाठ मारायला त्याला फार वेळ लागला. पार्वतम्मानं पोरीला छातीशी धरलं. पोर तोंड लावेना. तिनं बोटानं हनुवटी खाली ओढून एक थेंब पिळला, तो ओठाच्या कोपऱ्यातून ओघळून गेला. कोणीतरी बघतंय असं वाटून तिची नजर दाराकडं गेली, पण तिनं पोरीला बाजूला केलं नाही.

"आन् हिलाबी काई झालं तर?" अंबादासच्या तोंडून निघून गेलं.

पार्वतम्मानं दुसरा थेंब पिळला.

"झालं तर झालं. पर माझ्या भ्यापायी उपाशी मरणार न्हाय."